जमिनींतील किरणोत्सर्ग : शेतास भ्यावें कीं घरास ?

जमीन ही शेतकऱ्याची माता, असें आपण नेहमीं म्हणतों; परंतु मातेच्याही प्रकृतीची विचारपूस वेळोवेळीं करावी लागते. नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, सामू किती, याची चौकशी आपल्यांतील पुष्कळ शेतकरी आतां करूं लागले आहेत. २०१५ सालीं मध्यवर्ती सरकारनें मृदा आरोग्यपत्रिकेची योजना सुरू केल्यापासून मातीच्या बारा बाबी कागदावर लिहून मिळूं लागल्या, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्या बारा बाबींत जिला स्थान नाहीं अशी तेरावी एक बाब प्रत्येक बांधींत, प्रत्येक धुऱ्यावर आणि प्रत्येक अंगणांत आहे. ती म्हणजे जमिनीचा नैसर्गिक किरणोत्सर्ग. तिजविषयीं आज चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

या विषयासंबंधानें लोकांत दोन वृत्ति दिसतात. कांहींना किरणोत्सर्ग हा शब्द ऐकतांच हिरोशिमा आठवतें, आणि ज्या जमिनींत तो असेल तेथील धान्य विषासमान मानावें असें वाटतें. दुसरे म्हणतात कीं, आमचे आजे-पणजे याच मातींत वाढले, त्यांस काय झालें ? आणि असें म्हणून ते सारा विषय हंसण्यावारी नेतात. आमचें मत असें आहे कीं, पहिल्यांची भीति चुकीच्या जागीं आहे, आणि दुसऱ्यांची बेफिकिरीही चुकीच्या जागीं आहे. शेताविषयीं भिण्याचें कारण जवळजवळ नाहीं. विचार करावयाचा तो राहत्या घराच्या तळाचा आणि पिण्याच्या पाण्याचा. हें कसें, तें आम्ही क्रमानें सांगतों.

फ्रान्समधील शास्त्रज्ञ हेन्री बेकरेल यांनीं १८९६ सालीं युरेनियमच्या क्षारांतून अदृश्य किरण आपोआप निघतात असें दाखविलें. १८९८ सालीं मेरी व पिएर क्यूरी या दांपत्यानें पोलोनियम व रेडियम हीं नवीं मूलद्रव्यें शोधून काढलीं. पुढील संशोधनानें असें ठरलें कीं, युरेनियम आणि थोरियम हीं पृथ्वीच्या जन्मापासून तिच्या खडकांत विखुरलेलीं आहेत, आणि त्यांचे अणु अत्यंत सावकाश फुटत फुटत, एकापासून दुसरें असें होत होत, शेवटीं शिशाचें रूप घेतात. युरेनियमचा निम्मा सांठा संपावयास सुमारें साडेचारशें कोटि वर्षें लागतात. या वंशावळींत मध्यें रेडियम येतें. त्याचा निम्मा भाग सुमारें १,६०० वर्षांत संपतो. रेडियमच्या पोटीं जन्मतो तो रेडॉन. रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं असा हा वायु असून ३.८ दिवसांत तो निम्मा होतो. वंशांतील इतर सर्व द्रव्यें घनरूप असल्यामुळें खडकांत व मातींत जेथल्या तेथें राहतात. हा एकटाच वायुरूप असल्यामुळें मातीच्या भेगांतून वाट काढून वर येतो. साऱ्या प्रकरणाची मेख येथेंच आहे.

किरणोत्सर्ग मोजण्याच्या मापास बेकरेल यांचेंच नांव दिलें आहे. दर सेकंदास एक अणु फुटला म्हणजे एक बेकरेल. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीनें २००० सालच्या अहवालांत दिलेल्या आंकड्यांवरून पाहतां, जगांतील सर्वसाधारण मातीच्या एका किलोंत युरेनियमचे सुमारें ३५, थोरियमचे ३० आणि पोटॅशियमचे ४०० बेकरेल असतात. पोटॅशियम म्हणजे आपल्या ओळखीचें पालाशच. त्याच्या दर दहा हजार अणूंत एखाद-दुसरा अणु किरणोत्सर्गी असतो. सारांश, ज्या मातींत किरणोत्सर्ग मुळींच नाहीं अशी माती पृथ्वीवर कोठेंही नाहीं. प्रश्न आहे तो कमी-अधिकाचा.

आतां उष्णोदकाच्या झऱ्यांकडे वळूं. कारण किरणोत्सर्गी माती म्हटली कीं शास्त्रज्ञांचें लक्ष प्रथम तिकडेच जातें. पृथ्वीच्या पोटांतून जी उष्णता बाहेर पडते, तिचा सुमारें निम्मा भाग युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांचे अणु फुटण्यापासून होतो असा अदमास आहे. जमिनींत खोल जावें तसतशी दर किलोमीटरास २५ ते ३० अंशांनीं उष्णता वाढते. पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतें, तेथें तापतें, आणि दुसऱ्या एखाद्या भेगेनें वर येतें. वाटेंत तें खडकांतील क्षार, गंधक, कोठें कोठें रेडियम आणि रेडॉनही बरोबर घेऊन येतें. इराण देशांत रामसर या गांवीं असे झरे आहेत. त्यांच्या पाण्यांतील रेडियम चुनखडीसारख्या थरांत सांचून राहिलें, आणि लोकांनीं तोच दगड घरें बांधावयास वापरला. त्यामुळें तेथील कांहीं घरांतील नैसर्गिक किरणोत्सर्ग जगांत सर्वांत अधिक गणला जातो.

महाराष्ट्रांतही उष्णोदकाचे झरे पुष्कळ आहेत. ठाणें व पालघर भागांत वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, सातिवली. रत्नागिरी जिल्ह्यांत उन्हवरे, अरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूर. जळगांव जिल्ह्यांत उनपदेव. आणि आपल्या विदर्भाच्या सीमेलगत, पैनगंगेच्या खोऱ्यांत, नांदेड जिल्ह्यांतील किनवट तालुक्याचें उनकेश्वर. उनकेश्वरास त्वचेचे विकार बरे होतात या श्रद्धेनें आपल्याकडील मंडळीही जातात. पूर्वेस छत्तीसगडांत ताताताणी नव्हे, तातापानी म्हणून प्रसिद्ध असलेल्या ठिकाणीं तर कढत पाणीच वर येतें. या झऱ्यांपैकीं कोंकणांतील बहुतेक दख्खनच्या काळ्या दगडांतून फुटतात. आणि काळ्या दगडांत युरेनियम अगदीं थोडें, म्हणजे दहा लाखांत एक भाग किंवा त्याहूनही कमी असतें. यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पाणी कढत आहे म्हणून माती फार किरणोत्सर्गी असलीच पाहिजे असें नाहीं. आणि पाणी गार आहे म्हणून माती निर्मळ असलीच पाहिजे असेंही नाहीं. निर्णय करतो तो खडक; पाण्याचा ताप नव्हे.

आपल्या गोंदिया जिल्ह्यांत नांवाजलेला उष्णोदकाचा झरा नाहीं. म्हणून हा विषय कोंकणवाल्यांचा, आपला नव्हे, असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या काळ्या दगडावर उभा आहे, त्याचें वय साडेसहा कोटि वर्षांच्या आसपास. आपला पूर्व विदर्भ त्या दगडाच्या बाहेर पडतो. आपल्या पायाखालीं जो खडक आहे तो भारतांतील अत्यंत जुन्या खडकांपैकीं होय. भूगर्भशास्त्रज्ञांनीं त्यांस दिलेलीं नांवेंच आपल्या मुलुखाचीं आहेत : आमगांवच्या नांवानें ओळखला जाणारा नाइस, शेजारच्या डोंगरगडच्या नांवानें ओळखला जाणारा ग्रॅनाइट, आणि बिजली नांवाचा रायोलाइट. यांतील ग्रॅनाइट व रायोलाइट सुमारें अडीचशें कोटि वर्षांपूर्वींचे आहेत. ग्रॅनाइटाच्या जातीच्या खडकांत युरेनियम सामान्यतः दहा लाखांत तीन ते पांच भाग, आणि थोरियम त्याच्या तीन-चारपट असतें. म्हणजे काळ्या दगडाच्या कित्येक पट. शेजारच्या राजनांदगांव भागांत बोदल येथें अणुखनिज संचालनालयानें युरेनियमचा सांठा शोधून काढला, हेंही येथें सांगितलें पाहिजे. शेजारीं सांठा सांपडला म्हणून आपल्या प्रत्येक शेतांत युरेनियम भरलें आहे, असा अर्थ कोणी करूं नये. परंतु ज्या प्राचीन खडकांच्या पट्ट्यांत आपण राहतों, त्याची परीक्षा काळ्या दगडाच्या मापानें करून चालणार नाहीं, एवढा अर्थ मात्र खचित निघतो.

प्रथम शेताचा हिशेब मांडूं. कारण शेतकऱ्यास हिशेबासारखी दुसरी समजूत नाहीं. एक एकर जमिनीचा सहा इंच खोलीचा थर सुमारें नऊ लाख किलो वजनाचा भरतो. किलोमागें ४०० बेकरेल धरल्यास त्यांत एकट्या पोटॅशियमचे छत्तीस कोटि बेकरेल होतात. म्युरेट ऑफ पोटॅशची ५० किलोची एक पिशवी आपण विकत आणतों, तिच्यांत सुमारें पावणेआठ लाख बेकरेल असतात. आंकडा ऐकून छाती दडपते. पण तो एकराच्या मूळ सांठ्याचा साडेचारशेंवा भागही भरत नाहीं, आणि त्यांतील पुष्कळसें पालाश पीक उचलून नेतें. माणसाच्या शरीरांत सुमारें १४० ग्रॅम पोटॅशियम नेहमींच असतें आणि तें दर सेकंदास चार हजारांवर अणु फोडीत असतें. त्याशिवाय हृदय चालणार नाहीं. म्हणून पालाशाच्या पिशवीस भ्यावयाचें तर प्रथम आपल्याच अंगास भ्यावें लागेल.

स्फुरदाचें खत ज्या खडकापासून करतात, त्यांत युरेनियम मातीपेक्षां अधिक असतें. कांहीं देशांच्या खडकांत किलोमागें १,५०० बेकरेलपर्यंत तें आढळलें आहे. असा अतितीव्र खडक जसाच्या तसा दळून एकरीं दोन पिशव्या टाकल्या, तरी एका वर्षाची भर मूळ सांठ्याच्या दोनशेंव्या भागाइतकीच होते. मात्र ही भर पालाशाप्रमाणें पिकाबरोबर फारशी निघून जात नाहीं, वर्षानुवर्षें सांचते. म्हणून खत तयार करणारांनीं खडक पाहून घ्यावा, ही अपेक्षा रास्त आहे.

पिकाचें म्हणाल तर युरेनियम व रेडियम मुळांवाटे वर चढतें, पण तें फार थोडें; आणि चढतें त्याचाही मोठा वाटा तणसांत व तुसांत अडकतो, दाण्यांत अल्पच उतरतो. रेडॉन तर वायुच. तो धानांत राहत नाहीं. शिवाय बांधींत पाणी भरलेलें असतां रेडॉनची वाट बहुतेक बंद होते; कारण कोरड्या मातींत हा वायु एक-दीड मीटर सहज पसरतो, पण पाण्यांतून पसरतांना कांहीं सेंटीमीटरांतच त्याचें आयुष्य संपतें. रोवणी झालेल्या बांधींत दिवसभर वांकून उभ्या असलेल्या मजूर बाईस त्या चिखलांतील किरणोत्सर्गापासून चिंता करण्यासारखें कांहीं नाहीं. सापाची व पाठीच्या दुखण्याची चिंता तिनें करावी.

केरळाच्या किनाऱ्यावरील उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. करुनागपल्ली तालुक्याच्या वाळूंत मोनाझाइट नांवाचें थोरियमयुक्त खनिज आहे, आणि तेथील जमिनीचा किरणोत्सर्ग आपल्याकडील सामान्य जमिनीच्या कितीतरी पट आहे. तेथील सुमारें सत्तर हजार लोकांवर दहा वर्षांहून अधिक काळ नजर ठेवून केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला : जमिनीच्या किरणांमुळें तेथें कर्करोग वाढल्याचें दिसलें नाहीं. पिढ्यान् पिढ्या अशा भूमींत नांदणाऱ्या लोकांची ही साक्ष असतां, आपल्या कन्हार-मोरंडाविषयीं कोणी अफवा उठवून जमिनीचे भाव पाडूं पाहील, तर त्याचा हेतु तपासावा हें बरें.

असें असूनही हा लेख आम्ही लिहीत आहोंत, तो घरासाठीं. मोकळ्या हवेंत रेडॉन दर घनमीटरास सुमारें १० बेकरेल असतो, कारण वारा त्यास उडवून लावतो. परंतु मातीच्या कणांमधील हवेंत तो हजारों, प्रसंगीं दहा-दहा हजारांच्या घरांत असतो. घर म्हणजे त्या मातीवर पालथी घातलेली टोपली. आंतली हवा ऊन होऊन वर चढते, आणि तिच्या जागीं जमिनींतील हवा फरशीच्या फटींतून, भिंतीच्या मुळाशीं असलेल्या चिरांतून आंत ओढली जाते. जगांतील घरांची सरासरी सुमारें ४० बेकरेल आहे; परंतु सरासरीनें कोणाचेंही घर ओळखतां येत नाहीं, कारण एकाच गल्लींतील दोन घरांत पांच-दहापट अंतर आढळतें.

अपाय होतो तो कसा, हेंही समजून घ्यावें. रेडॉन श्वासाबरोबर आंत जातो आणि बहुतांशीं तसाच बाहेर येतो. पण हवेंत फुटून त्यापासून पोलोनियमादि जीं अल्पायुषी घनद्रव्यें होतात, तीं धुळीच्या व धुराच्या कणांस चिकटतात, फुफ्फुसांत जाऊन बसतात, आणि तेथें फुटून नाजुक पेशींवर जवळून मारा करतात. जर्मनींतील श्नेबर्ग येथील खाणकामगारांस छातीचा एक प्राणघातक रोग शतकानुशतकें होत असे. तो फुफ्फुसाचा कर्करोग आहे हें हार्टिंग व हेस्से या दोन वैद्यांनीं १८७९ सालीं दाखविलें. त्यामागें खाणींतील रेडॉन आहे हें पुष्कळ उशिरां समजलें. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९८८ सालीं रेडॉनची गणना कर्करोगकारक द्रव्यांत केली. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं सांगितलें कीं, घरांतील रेडॉन घनमीटरास १०० बेकरेलांच्या आंत ठेवण्याचा यत्न करावा, आणि कोठेंही ३०० च्या वर जाऊं देऊं नये. दर १०० बेकरेलांमागें फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारें शेंकडा १६ नें वाढतो.

आतां आपल्या खेड्याकडे या. आपली गांवठाणें बहुधा कशावर वसलेलीं असतात ? खोलगट कन्हार-मोरंड आपण धानास दिली, आणि पाणी तुंबूं नये म्हणून घरें उंचवट्यावरील बर्डीवर बांधलीं. व्यवहार म्हणून हें शहाणपणाचेंच झालें. परंतु बर्डी म्हणजे मुरमाड, विरळ जमीन. चिकण कन्हारीपेक्षां तिच्यांतून वायु पुष्कळ सहज वाहतो. पावसाळ्यांत सभोंवारची जमीन पाण्यानें भरून तिचें तोंड बंद होतें, आणि घराखालची तेवढी कोरडी राहते. तेव्हां अडलेला वायु या कोरड्या जागेकडे वळतो. अतिवृष्टीनंतर घरांतील रेडॉन वाढल्याचे अनुभव परदेशांत नोंदलेले आहेत. जुन्या कवेलूच्या घरांत छपराच्या सांध्यांतून हवा रात्रंदिवस खेळत असे. आतां सिमेंटचे स्लॅब आले, खिडक्यांस कांच आली, आणि हिवाळ्यांत दारें-खिडक्या घट्ट लावून घरचीं सारीं माणसें एका खोलींत निजूं लागलीं. फरशी मात्र पुष्कळ ठिकाणीं अजून मातीचीच, किंवा तडे गेलेली. सारवणानें धूळ बसते, वायु अडत नाहीं. पक्कें घर हें प्रगतीचें लक्षण आहे यांत शंका नाहीं; पण वरून पक्कें आणि खालून कच्चें असें घर म्हणजे रेडॉनचें कोठार होण्याचा संभव असतो, हें सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. आणि या घरांत दिवसाचे अधिक तास कोण घालवितें ? कर्ता पुरुष शेतावर, बाजारांत, गिरणीवर असतो. घरांत असतात तीं बाळंतीण, लेंकरें आणि म्हातारीं माणसें. चूल पेटलेली असली म्हणजे धुराचे कणही त्यांच्याच वांट्यास येतात.

दुसरा विषय बिडीचा. तेंदूच्या पानांवर आपल्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबांची चार महिन्यांची मीठ-मिरची चालते, हें आम्हांस ठाऊक आहे. तो व्यवसाय वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जो बिडी ओढतो त्याच्या ठिकाणीं रेडॉनचा धोका न ओढणाराच्या सुमारें पंचवीसपट मानिला जातो. एक शत्रु दाराशीं असतां दुसऱ्यास आपल्या हातानें आंत बोलावण्याचा हा प्रकार होय. खडक बदलतां येत नाहीं. बिडी टाकतां येते. निदान घराच्या आंत, लेंकरांच्या देखत तरी ती ओढूं नये.

तिसरा विषय पाण्याचा. आपल्या पूर्वजांनीं बांधलेल्या मामा तलावांचें पाणी उघडें असल्यामुळें त्यांत रेडॉन टिकत नाहीं. परंतु गेल्या कांहीं दशकांत पिण्याचें पाणी आपण खोल विंधण-विहिरींतून घेऊं लागलों. ग्रॅनाइटाच्या भेगांत वर्षानुवर्षें राहिलेल्या पाण्यांत रेडॉन असूं शकतो आणि युरेनियमही विरघळलेलें असूं शकतें. या दोहोंचा भेद नीट लक्षांत ठेवावा. रेडॉन हा वायु असल्यामुळें पाणी उंचावरून ओतल्यानें, उघडें ठेवल्यानें, उकळल्यानें निघून जातो. युरेनियम हें उकळून जात नाहीं. पाणी आटलें तर उलट त्याचें प्रमाण वाढतें. त्याचा अपाय किरणांपेक्षां विष म्हणूनच अधिक असून तो मूत्रपिंडास होतो. भारतीय मानक संस्थेनें पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ०.०३ मिलिग्रॅम ही युरेनियमची मर्यादा ठरविली आहे. आपल्या विहिरीचें पाणी त्या मर्यादेंत आहे कीं नाहीं हें डोळ्यांनीं किंवा जिभेनें कळत नाहीं. तपासणीच करावी लागते.

उष्णोदकाच्या तीर्थांविषयींही दोन शब्द लिहिणें जरूर आहे. उनकेश्वरीं किंवा वज्रेश्वरीस जाऊन घटकाभर स्नान केल्यानें रेडॉनपासून अपाय होण्याइतका काळ जात नाहीं. ऊन पाण्यानें सांधे मोकळे होतात, हाही अनुभव आहे. परंतु या पाण्यांत रेडियम आहे म्हणून तें अमृत, असें सांगून कोणी बाटल्या विकूं लागल्यास त्याच्या नादीं लागूं नये. अमेरिकेंत १९१८ ते १९२८ पर्यंत रॅडिथोर नांवाचें रेडियमचें पाणी शक्तिवर्धक म्हणून विकलें जात होतें. एबेन बायर्स नांवाचे एक धनाढ्य गृहस्थ तें वर्षानुवर्षें पीत राहिले. त्यांच्या जबड्याचीं हाडें झिजून १९३२ सालीं त्यांचा अंत झाला. आणि ज्यांच्या शेताजवळ असे झरे आहेत त्यांनीं तें पाणी पिकास देण्यापूर्वीं क्षार आणि फ्लोराइड पाहून घ्यावें. शेताचें नुकसान किरणोत्सर्गाच्या कितीतरी आधीं क्षारानेंच होईल.

आतां कोणी विचारील कीं, मोजमाप करून उपयोग काय ? खडक कांहीं उचलून फेंकतां येत नाहीं. आम्ही म्हणतों, पाऊसही थांबवितां येत नाहीं. म्हणून आपण छप्पर शाकारावयाचें सोडतों काय? रेडॉनवरील उपाय खर्चाचे नाहींत. फरशीच्या व भिंतीच्या सांध्यांतील चिरा सिमेंटनें भराव्या. समोरासमोर झरोके ठेवून वारा खेळता ठेवावा. नवें घर बांधतांना जोत्यावर खडीचा थर, त्यावर जाड प्लास्टिकचा अखंड पडदा आणि त्यावर काँक्रीट घालावें. खडीच्या थरांतून एक नळी छपरापर्यंत नेल्यास जमिनींतील वायु घरांत न शिरतां परस्पर बाहेर जातो. बांधतांना हें काम थोडक्यांत होतें. मागाहून करावयाचें म्हटल्यास फरशी फोडावी लागते.

दुसरा आक्षेप जमीनदार मंडळींचा आहे, आणि तो आम्ही हलका समजत नाहीं. गांवाचें नांव एकदां यादींत आलें कीं जमिनीस गिऱ्हाईक मिळणार नाहीं, मुलींचीं लग्नें अडतील, अशी त्यांस धास्ती वाटते. यावर आमचें उत्तर असें कीं, अफवा ही नेहमीं अज्ञानावर वाढते, आंकड्यांवर नव्हे. ज्या गांवचा आंकडा मोजून ठेवलेला आहे, त्या गांवाविषयीं कोणी कांहींही बोललें तरी उत्तर हातीं असतें. न मोजलेल्या गांवास मात्र कोणीही कांहींही म्हणावें. शिवाय मोजावयाचें आहे तें घर आणि विहीर. शेताचा सात-बारा यांत येतच नाहीं. घरांचे आंकडे मालकाचें नांव न देतां प्रसिद्ध करावे, म्हणजे कोणाचीही कुचंबणा होणार नाहीं.

म्हणूनच मृदा आरोग्यपत्रिकेंत ही तेरावी बाब घालावी अशी मागणी आम्ही करीत नाहीं. ती केली तर पैसा शेतांत खर्च होईल आणि धोका घरांत राहील. आमची मागणी वेगळी आहे. आपल्या सर्व आठ तालुक्यांत, निदान ग्रॅनाइट व रायोलाइट जेथें उघडा दिसतो अशा गांवांतून प्रथम, कांहीं घरें निवडून त्यांत रेडॉन मोजला जावा. याचें साधन अगदीं साधें आहे : बोटभर फिल्म एका लहानशा डबीत घालून ती तीन महिने खोलींत टांगतात, आणि नंतर प्रयोगशाळेंत तिजवरील किरणांच्या खुणा मोजतात. हिवाळ्यांत एकदां व पावसाळ्यांत एकदां असें केल्यास खरें चित्र कळेल. त्याबरोबरच पिण्याच्या प्रत्येक सार्वजनिक विंधण-विहिरीच्या पाण्याची युरेनियमसाठीं एकवार तपासणी व्हावी आणि तिचा आंकडा विहिरीपाशींच पाटीवर लिहावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, नागपूर येथील अणुखनिज संचालनालयाचें कार्यालय, मुंबईचें भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचें कृषि विद्यापीठ यांजकडे हें ज्ञान आहे. त्यांस आपल्या गांवीं बोलावणें हें आपलें काम होय. न मागणाऱ्यास कोणी घरपोंच ज्ञान आणून देत नाहीं.

ग्रामसभेच्या पुढील बैठकींत हा विषय वाचकांनीं मांडावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. ठराव दोन ओळींचा पुरे : आमच्या गांवांतील पिण्याचें पाणी युरेनियमसाठीं तपासावें, आणि दहा घरांत रेडॉन मोजावा. ज्यांचें नवें घर यंदा उभें राहावयाचें आहे त्यांनीं ठरावाचीही वाट पाहूं नये. जोत्यांत पडदा व नळी घालूनच पुढें जावें. शेतांत निर्धास्त राबावें, धान सुखानें खावें, आणि रात्रीं निजतांना उशाची खिडकी उघडी ठेवावी, एवढेंच आमचें आपल्या शेतकरी बंधूंस व भगिनींस सांगणें आहे.